शोधनिबंधाचे चिकित्सक वाचन : क्षयरोगोपचाराच्या इतिहासातील पाच निबंधांच्या आधारे

सारांश

शोधनिबंध वाचणे आणि त्याचे मूल्यमापन करणे या दोन भिन्न क्रिया आहेत. पहिलीत निबंधकार काय म्हणतो हे समजून घ्यायचे असते. दुसरीत ते म्हणण्याचा त्याला अधिकार कशामुळे प्राप्त झाला हे तपासायचे असते. प्रस्तुत लेखात क्षयरोगाच्या कारणमीमांसेसंबंधी व उपचारांसंबंधी १८८२ ते १९५९ या काळात प्रसिद्ध झालेल्या पाच निबंधांचा ऐतिहासिक क्रमाने परामर्श घेऊन, चिकित्सक वाचनाचे निकष कसे घडत गेले याचा शोध घेतला आहे. या निकषांची आजच्या महाविद्यालयीन अध्यापकाच्या दृष्टीने असलेली प्रस्तुतताही अखेरीस विचारात घेतली आहे.

१. प्रस्तावना

महाविद्यालयीन अध्यापकाचा शोधनिबंधाशी तीन नात्यांनी संबंध येतो. तो निबंध लिहितो, विद्यार्थ्यांकडून लिहवून घेतो आणि इतरांचे निबंध वाचतो. यांपैकी लेखनाविषयी कार्यशाळा, उजळणी वर्ग आणि मार्गदर्शिका यांची आज वाण नाही. वाचनाविषयी मात्र फारसे बोलले जात नाही. मुद्रित मजकूर वाचता येणे म्हणजेच निबंध वाचता येणे, असे गृहीत धरले जाते. परिणामी निबंधाचा गोषवारा आणि निष्कर्ष एवढेच वाचून त्याचा संदर्भ देण्याची प्रथा रूढ झालेली दिसते.

निबंधाची चिकित्सा कशी करावी याचे नियम सांगणारी पुस्तके उपलब्ध आहेत. परंतु नियम पाठ करण्यापेक्षा ते नियम का निर्माण झाले हे जाणणे अधिक उपयुक्त ठरते. यादृच्छिक विभागणी, तुलना-गट, उपचार कोणता हे न कळता केलेले निदान या गोष्टी कोणा एका पंडिताने एका बैठकीत ठरवलेल्या नाहीत. प्रत्येक निकषामागे एखादी फसगत, एखादी चुकलेली आशा आणि बहुतेक वेळा रुग्णांनी मोजलेली किंमत आहे. क्षयरोगाचा इतिहास या दृष्टीने विशेष बोलका आहे. हा रोग दीर्घकाळ चालतो, कधी आपोआप ओसरतो, कधी अकस्मात उलटतो. त्यामुळे कोणत्याही उपचाराला यशाचे श्रेय मिळणे सोपे आणि ते श्रेय तपासणे कठीण, अशी परिस्थिती त्यात नेहमीच राहिली.

२. एका लेखनप्रकाराची घडण

शोधनिबंध हा लेखनप्रकार साडेतीन शतकांहून अधिक जुना आहे. १६६५ च्या जानेवारीत पॅरिस येथे ‘जूर्नाल दे सावाँ’ आणि मार्चमध्ये लंडन येथे हेन्री ओल्डेनबर्ग याच्या संपादनाखाली ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’ ही नियतकालिके सुरू झाली. त्यांतील आरंभीचा मजकूर बव्हंशी पत्ररूप होता. रॉबर्ट बॉइलसारखे प्रयोगकर्ते आपल्या उपकरणाचे, फसलेल्या प्रयत्नांचे आणि उपस्थित साक्षीदारांचे सविस्तर वर्णन करीत. जो वाचक प्रयोगशाळेत हजर नव्हता त्याला शब्दांच्या द्वारे साक्षीदार बनवणे हा त्यामागील हेतू होता. शोधनिबंधातील ‘पद्धती’ या विभागाचे मूळ येथे सापडते. पद्धती म्हणजे निबंधाचा केवळ औपचारिक भाग नव्हे; वाचकाला साक्षीदाराचा दर्जा देणारा तो भाग आहे.

तज्ज्ञांकडून परीक्षण करून घेण्याची पद्धत मात्र सावकाश रुळली. रॉयल सोसायटीने १८३० च्या दशकात लेखी परीक्षण-अहवाल मागवण्यास प्रारंभ केला. परंतु अनेक नामांकित नियतकालिकांत विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत संपादकाचा निर्णय हाच अंतिम असे. ‘नेचर’ या नियतकालिकाने बाह्य परीक्षण नियमितपणे बंधनकारक केले ते १९७३ साली. प्रस्तावना, पद्धती, निष्पत्ती आणि चर्चा अशी चतुर्विध मांडणीही विसाव्या शतकातच सार्वत्रिक झाली. या मांडणीविषयी पीटर मेडावर या नोबेल पारितोषिक विजेत्या जीवशास्त्रज्ञाने १९६३ साली एक मार्मिक आक्षेप घेतला होता. निबंधाची ही रचना विचारांच्या प्रत्यक्ष प्रवासाविषयी दिशाभूल करते, असे त्याचे म्हणणे होते. निबंधात निरीक्षणे आधी येतात आणि कल्पना शेवटी. प्रत्यक्षात कल्पना आधी असते आणि निरीक्षणे तिच्या शोधात केली जातात. वाचकाने हा आक्षेप ध्यानात ठेवणे हितावह आहे. निबंध ही संशोधनाची दैनंदिनी नसून संशोधनाच्या वतीने केलेला युक्तिवाद आहे.

३. एकच संशोधक, दोन निबंध : १८८२ आणि १८९०

२४ मार्च १८८२ रोजी बर्लिन येथील शरीरक्रियाशास्त्र परिषदेपुढे रॉबर्ट कॉख याने क्षयरोगाच्या जंतूचा शोध जाहीर केला. मानवी मृत्यूंपैकी सुमारे एक-सप्तमांश मृत्यू ज्या रोगाने होतात असे तो सांगत होता, त्या रोगाचे कारण त्याने प्रत्यक्ष दाखवले. सभेत तो दोनशेहून अधिक सूक्ष्मदर्शकीय नमुने घेऊन आला होता. काही आठवड्यांतच प्रसिद्ध झालेल्या निबंधात जंतू रंगवण्याची रीत, गोठवलेल्या रक्तद्रवावर त्याची वाढ करण्याची कृती, ती वाढ दिसण्यास लागणारा दीर्घ काळ आणि गिनीपिगांना टोचून रोग निर्माण केल्याचे प्रयोग हे सारे तपशिलाने दिले होते. त्यामुळे युरोपातील अन्य प्रयोगशाळांना ते प्रयोग स्वतः करून पाहता आले. निबंधाचे बळ कॉखच्या नावात नव्हते. त्याच्या कृतीत होते.

आठ वर्षांनी, ऑगस्ट १८९० मध्ये बर्लिन येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय वैद्यक परिषदेत कॉखने क्षयजंतूची वाढ रोखणारे द्रव्य आपल्याला गवसल्याचे सूचित केले. १३ नोव्हेंबर १८९० रोजी यासंबंधीचा त्याचा लेख प्रसिद्ध झाला. रोगाच्या प्रारंभिक अवस्थेतील रुग्ण या द्रव्याने खात्रीने बरे होऊ शकतात, असा निर्वाळा त्यात होता. परंतु द्रव्य कशाचे आहे आणि ते कसे तयार करतात हे सांगितलेले नव्हते. काम पूर्ण झालेले नाही असे कारण त्यासाठी देण्यात आले होते. बऱ्या झालेल्या गिनीपिगांचा तपशीलवार वृत्तान्तही त्या लेखात नव्हता. तुलनेसाठी उपचार न दिलेल्या रुग्णांचा गट नव्हता आणि रुग्णांची पाहणी करण्याचा काळ अत्यंत अल्प होता. वस्तुतः एखाद्या अपरिचित डॉक्टराने असा लेख पाठवला असता तर तो कोणी गंभीरपणे घेतला नसता. तथापि लेखाखाली कॉखचे नाव होते. देशोदेशींचे डॉक्टर आणि हजारो रुग्ण बर्लिनकडे धावले.

याच गर्दीत आर्थर कॉनन डॉइल हा इंग्रज डॉक्टर होता. कथाकार म्हणून त्याचे नाव नुकतेच होऊ लागले होते. त्याला व्याख्यानाच्या सभागृहात प्रवेश मिळाला नाही. त्याने दुसऱ्या डॉक्टराची टिपणे मिळवून वाचली, रुग्णालयातील खाटांवरचे रुग्ण पाहिले आणि नोव्हेंबर १८९० मध्येच लंडनच्या वृत्तपत्राला सावधगिरीचा इशारा देणारे पत्र धाडले. त्याचा युक्तिवाद कॉखच्याच विधानावर आधारलेला होता. हे द्रव्य जंतूंना मारत नाही, जंतूंनी ग्रासलेल्या ऊतींचा नाश करते, असे कॉखने म्हटले होते. तसे असेल तर जंतू शरीरातच राहतात आणि बरे होण्याची भाषा अकाली ठरते, हे डॉइलने ओळखले. चिकित्सक वाचनासाठी प्रयोगशाळा लागतेच असे नाही. निबंधातील दोन विधाने एकमेकांशेजारी ठेवून त्यांतील विसंगती पाहणे हेही चिकित्सक वाचनच होय.

जानेवारी १८९१ मध्ये रुडॉल्फ फिर्खो या विकृतिशास्त्रज्ञाने या उपचारानंतर मृत्यू पावलेल्या रुग्णांच्या शवविच्छेदनांचे निष्कर्ष मांडले. काही रुग्णांत रोग थांबण्याऐवजी फैलावल्याची चिन्हे होती. त्याच महिन्यात कॉखने द्रव्याचे स्वरूप उघड केले : क्षयजंतूंच्या संवर्धनापासून ग्लिसरिनच्या साहाय्याने काढलेला तो अर्क होता. ‘ट्यूबरक्युलिन’ या नावाने तो पुढे रोगसंसर्ग ओळखण्यासाठी उपयुक्त ठरला. उपचार म्हणून त्याचा पाया ढासळला. औषधाच्या विक्रीतून अपेक्षित असलेल्या उत्पन्नाविषयी कॉखची शासनाशी बोलणी सुरू होती, ही बाब नंतरच्या इतिहास-संशोधनातून पुढे आली. हितसंबंधांची जाहीर कबुली निबंधाच्या अखेरीस द्यावी असा आजचा जो दंडक आहे, त्याची आवश्यकता या प्रकरणातून सहज लक्षात येते.

या दोन निबंधांच्या तुलनेतून पहिला निकष हाती येतो. निबंधकार कोण आहे या प्रश्नापेक्षा त्याने काय केले आणि ते दुसऱ्याला करून पाहता येईल इतके सांगितले आहे काय, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा. एकाच थोर संशोधकाच्या दोन निबंधांची योग्यता इतकी भिन्न असू शकते.

४. तुलनेचा प्रश्न : सुवर्णक्षारांचा उपचार आणि १९३१ चा निबंध

१९२४ मध्ये कोपनहेगनच्या होल्गर म्योलगार्ड याने ‘सॅनोक्रायसिन’ नावाचा सोन्याचा क्षार क्षयरोगावर उपचार म्हणून पुढे आणला. लवकरच अनेक देशांत त्याचा वापर सुरू झाला. त्यासंबंधीच्या अनेक वृत्तान्तांची धाटणी एकच होती : इतक्या रुग्णांना औषध दिले, त्यांपैकी इतके सुधारले. सुधारलेले रुग्ण औषधाविना सुधारले नसते असे कशावरून, हा प्रश्न त्या धाटणीत उपस्थितच होत नव्हता. विश्रांती, पौष्टिक आहार आणि रोगाची स्वाभाविक चढउतार यांचा वाटा औषधाच्या नावावर जमा होत होता.

अमेरिकेतील मिशिगन राज्यात एका क्षयरोग आरोग्यधामातील संशोधनावर आधारलेला जे. बर्न्स ॲम्बरसन व त्याच्या दोन सहकाऱ्यांचा निबंध १९३१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी केवळ २४ रुग्ण निवडले. रोगाचे स्वरूप व अवस्था पाहून शक्य तितके सारखे असे १२ रुग्णांचे दोन गट केले आणि कोणत्या गटाला औषध द्यायचे हे नाणे उडवून ठरवले. दुसऱ्या गटाला ऊर्ध्वपातित पाण्याची टोचणी दिली. कोणाला काय मिळत आहे हे रुग्णांना ठाऊक नव्हते. औषधाचा लाभ दिसून आला नाही, उलट त्याचे विषारी परिणाम मात्र दिसले.

हा निबंध दोन दिशांनी वाचण्याजोगा आहे. एका बाजूस, शेकडो रुग्णांच्या तुलनारहित वृत्तान्तांपेक्षा २४ रुग्णांची सुनियोजित तुलना अधिक सांगून जाते. संख्या मोठी असणे हा पुराव्याच्या गुणवत्तेचा पर्याय नव्हे. दुसऱ्या बाजूस, याच निबंधाची मर्यादाही वाचकाने पाहिली पाहिजे. गट संशोधकांनी स्वतः पाडले होते आणि नाणे एकदाच, संपूर्ण गटासाठी उडवले गेले. गट पाडताना नकळत काही भेद राहून गेला असल्यास एका नाणेफेकीने तो नाहीसा होत नाही. शिवाय १२ रुग्णांच्या गटात लहानसा लाभ झाला असता तरी तो दिसून येणे दुरापास्त होते. तरीही सोन्याचा उपचार तिसाव्या दशकात अनेक ठिकाणी चालूच राहिला. चांगला निबंध प्रसिद्ध होणे आणि तो चांगल्या रीतीने वाचला जाणे यांत अंतर असते.

५. १९४८ : स्ट्रेप्टोमायसिनची चाचणी

१९४३ मध्ये अमेरिकेत सेलमन वाक्समन याच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शाट्झ याने स्ट्रेप्टोमायसिन वेगळे केले. ब्रिटनमध्ये हे औषध फार थोड्या प्रमाणात उपलब्ध होते आणि युद्धोत्तर काळात ते आयात करण्यास डॉलर्सची टंचाई होती. क्षयजन्य मेंदूज्वरासारख्या हमखास प्राणघातक प्रकारांत ते तुलना-गटाशिवायच देण्यात आले; जेथे सर्वच रुग्ण दगावतात तेथे एक रुग्ण जगला तरी तो पुरावा असतो. फुप्फुसाच्या क्षयाची गोष्ट वेगळी होती. त्यात काही रुग्ण औषधाविना सुधारतात. म्हणून तेथे तुलना-गट अनिवार्य ठरला. सर्वांना पुरेल इतके औषध नसल्याने काहींना ते न देण्याचा नैतिक प्रश्नही तेव्हा सौम्य झाला होता.

ब्रिटिश वैद्यक संशोधन परिषदेच्या या चाचणीचा निबंध ३० ऑक्टोबर १९४८ च्या ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला. तिची संख्याशास्त्रीय आखणी ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल याची होती. पहिल्या महायुद्धात स्वतः क्षयाने आजारी पडल्यामुळे त्याला वैद्यकीय शिक्षणाचा मार्ग सोडावा लागला होता. निबंधात एकंदर १०७ रुग्णांचा समावेश होता : ५५ रुग्णांना विश्रांती आणि स्ट्रेप्टोमायसिन, ५२ रुग्णांना केवळ विश्रांती. कोणता रुग्ण कोणत्या गटात जाईल हे यादृच्छिक संख्यांच्या आधारे आधीच ठरवून मोहोरबंद लिफाफ्यांत ठेवले होते. रुग्ण चाचणीस पात्र ठरल्यानंतरच लिफाफा उघडला जाई. क्ष-किरण चित्रे पाहणाऱ्या तज्ज्ञांना ते चित्र कोणत्या गटातील रुग्णाचे आहे हे कळू दिले जात नव्हते.

लिफाफ्याचे महत्त्व बारकाईने समजून घेतले पाहिजे. पुढील रुग्ण कोणत्या गटात जाणार हे डॉक्टराला आधी कळले, तर तो सद्भावनेनेही बरा होण्याजोगा रुग्ण औषधाच्या गटात ढकलू शकतो. यादृच्छिक विभागणीचा गाभा संख्यांच्या कोष्टकात नसून ती विभागणी आगाऊ कळू न देण्यात आहे. म्हणून एखाद्या निबंधात केवळ ‘यादृच्छिक पद्धतीने गट पाडले’ एवढे वाक्य आढळल्यास वाचकाने थांबावे आणि ते कसे पाडले याचा शोध घ्यावा.

सहा महिन्यांअखेर औषध मिळालेल्या ५५ पैकी ४ रुग्ण (७ टक्के) आणि केवळ विश्रांती मिळालेल्या ५२ पैकी १४ रुग्ण (२७ टक्के) मृत्यू पावले. क्ष-किरण चित्रांत लक्षणीय सुधारणा पहिल्या गटात २८ जणांत, तर दुसऱ्यात ४ जणांत आढळली. या कोष्टकातील सर्वांत उद्बोधक आकडा मात्र सहसा उद्धृत होत नाही. मध्यम किंवा किंचित सुधारणा झालेले रुग्ण मिळवले, तर केवळ विश्रांतीच्या गटातील १७ रुग्ण, म्हणजे जवळजवळ एक-तृतीयांश, औषधाविना सुधारले होते. हाच १७ चा आकडा एखाद्या तुलनारहित वृत्तान्तात कोणत्याही निरुपयोगी औषधाच्या खात्यावर जमा झाला असता.

तोच परिणाम भिन्न रीतींनी सांगता येतो हेही येथे पाहण्यासारखे आहे. मृत्यूचे प्रमाण सुमारे तीन-चतुर्थांशाने घटले असे म्हणता येईल. शंभरामागे वीस मृत्यू टळले असेही म्हणता येईल. किंवा सुमारे पाच रुग्णांवर उपचार केल्यास सहा महिन्यांत एक मृत्यू टळतो असेही म्हणता येईल. तिन्ही विधाने खरी आहेत, पण मनावर होणारा परिणाम वेगळा आहे. निबंधात केवळ टक्केवारीतील घट दिली असेल तर मूळ आकडे शोधणे हे वाचकाचे कर्तव्य ठरते.

काळाचा प्रश्न त्याहून मोलाचा आहे. एक वर्षाअखेर मृत्यूंची संख्या अनुक्रमे १२ आणि २४ झाली. पाच वर्षांनंतरच्या पाहणीत ती ३२ आणि ३५ झाली, म्हणजे ५८ आणि ६७ टक्के. सुरुवातीचा मोठा फरक काळाच्या ओघात बराच आटला. याचे कारण मूळ निबंधातच नोंदवलेले होते : औषध सुरू असतानाच बहुसंख्य रुग्णांतील जंतू त्याला दाद देईनासे झाले होते. निबंधकारांनी हे झाकले नाही. त्यामुळेच पुढील चाचणीत स्ट्रेप्टोमायसिनला पॅरा-अमायनो-सॅलिसिलिक आम्लाची, म्हणजे ‘पास’ या औषधाची, जोड देण्यात आली आणि औषधांच्या संयोगाचा मार्ग खुला झाला. ज्या निबंधात स्वतःच्या निष्कर्षाविरुद्ध जाणारी माहिती स्पष्टपणे दिलेली असते, तो निबंध अधिक विश्वासार्ह मानण्यास जागा असते.

६. मद्रास, १९५९ : निष्कर्ष आणि त्याच्या अटी

स्वातंत्र्योत्तर भारतात क्षयरुग्णांची संख्या लाखांच्या घरात होती आणि त्यांच्यासाठी असलेल्या खाटा काही हजारच होत्या. पाचगणी, मिरज यांसारख्या ठिकाणच्या आरोग्यधामांत प्रवेश मिळणे ही थोड्यांच्याच भाग्याची गोष्ट होती. स्वच्छ हवा, सक्तीची विश्रांती आणि सकस आहार यांविना क्षय बरा होत नाही ही समजूत दृढ होती. ती खरी असेल तर बहुसंख्य भारतीय रुग्णांना आशाच उरत नव्हती.

भारतीय वैद्यक संशोधन परिषद, मद्रास राज्य शासन, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटिश वैद्यक संशोधन परिषद यांच्या सहकार्याने १९५६ मध्ये मद्रास येथे क्षयरोग रसायनोपचार केंद्र स्थापन झाले. वॉलेस फॉक्स याच्या नेतृत्वाखाली तेथे १९३ रुग्णांची यादृच्छिक पद्धतीने दोन गटांत विभागणी करण्यात आली. एका गटाला आरोग्यधामात आणि दुसऱ्याला घरीच, आयसोनियाझिड आणि पास ही तीच औषधे वर्षभर देण्यात आली. घरी राहिलेल्यांपैकी बहुतेकांची घरे दाटीवाटीची, आहार तुटपुंजा आणि विश्रांती अल्प होती. १९५९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत हा निबंध आला. वर्षाअखेर घरी उपचार घेतलेल्यांपैकी ८६ टक्के आणि आरोग्यधामातील ९२ टक्के रुग्णांचा रोग जंतुपरीक्षेनुसार शमलेला आढळला. घरातील माणसांना संसर्गाचा धोका वाढल्याचेही या संशोधनमालेत दिसून आले नाही.

येथे वाचकापुढे दोन प्रश्न उभे राहतात. पहिला संख्याशास्त्रीय. प्रत्येक गटात शंभराहून कमी रुग्ण असताना सहा टक्क्यांचा फरक केवळ योगायोगानेही पडू शकतो. त्याचबरोबर, तो खरा फरक असण्याची शक्यताही एवढ्या रुग्णसंख्येवरून पूर्णपणे फेटाळता येत नाही. ‘फरक आढळला नाही’ आणि ‘फरक नाही’ ही दोन विधाने एक नव्हेत. दुसरा प्रश्न व्यवहाराचा. सहा टक्क्यांचा फरक खरा मानला, तरी भारतापुढील पर्याय आरोग्यधाम की घर हा नव्हताच. तो घरचा उपचार की काहीच नाही हा होता. निबंधातील आकड्याचा अर्थ निबंधाबाहेरच्या परिस्थितीच्या संदर्भातच लागतो.

मात्र या निबंधाच्या वाचनात एक धडा आणखी दडलेला आहे. मद्रासमधील रुग्ण घरी होते, पण वाऱ्यावर सोडलेले नव्हते. त्यांच्या लघवीची तपासणी करून औषध घेतले जाते की नाही हे पाहिले जाई. पूर्वसूचना न देता कर्मचारी घरी जाऊन उरलेली औषधे मोजत. सिद्ध झाले होते ते ‘देखरेखीखाली घरी केलेला उपचार परिणामकारक असतो’ एवढेच. १९६२ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमाने घरगुती उपचाराचे तत्त्व स्वीकारले; परंतु मद्रास केंद्राइतकी देखरेख देशभर उभी करणे शक्य झाले नाही. १९९२ मध्ये कार्यक्रमाचा आढावा घेण्यात आला तेव्हा उपचार पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण निम्म्याहूनही कमी असल्याचे दिसले. त्याला निधी, औषधपुरवठा, मनुष्यबळ अशी अनेक कारणे होती. तरीही वाचनाच्या दृष्टीने निष्पन्न होणारी गोष्ट स्पष्ट आहे. निष्कर्ष निबंधातून उचलता येतो. ज्या अटींवर तो उभा आहे त्या मात्र पद्धतीच्या विभागातच राहून जातात. १९९७ पासून विस्तारत गेलेल्या सुधारित कार्यक्रमात प्रत्यक्ष देखरेखीखाली औषध देण्यावर जो भर आला, तो एका अर्थाने त्या राहून गेलेल्या अटीचा उशिरा झालेला स्वीकार होता.

७. निबंधाबाहेरील खुणा आणि त्यांच्या मर्यादा

निबंध कोणत्या नियतकालिकात आला, त्याचे परीक्षण झाले काय, तो किती जणांनी उद्धृत केला या निबंधाबाहेरील खुणा होत. त्या उपयुक्त आहेत, पण निर्णायक नाहीत. १९९८ मध्ये ‘लॅन्सेट’सारख्या अग्रगण्य नियतकालिकात गोवर, गालगुंड व रुबेला यांच्या संयुक्त लसीचा संबंध स्वमग्नतेशी सूचित करणारा निबंध प्रसिद्ध झाला. तो अवघ्या १२ बालकांवर आधारलेला होता आणि त्यात तुलना-गट नव्हता. कॉखच्या १८९० च्या लेखाला लावलेली कसोटी त्याला पहिल्याच दिवशी लावता आली असती. तो मागे घेण्यात आला २०१० मध्ये. दरम्यान ब्रिटनमध्ये लसीकरणाचे प्रमाण घसरले होते. दुसऱ्या टोकाला, जॉन बोहॅनन याने मुद्दाम सदोष लिहिलेला एक बनावट निबंध ३०४ मुक्तप्रवेश नियतकालिकांकडे धाडला, तेव्हा त्यांपैकी १५७ नियतकालिकांनी तो स्वीकारला, हे त्याने २०१३ मध्ये ‘सायन्स’मध्ये मांडले. २०२३ या एका वर्षात जगभर दहा हजारांहून अधिक निबंध मागे घेण्यात आले.

भारतातील अध्यापकाला हा प्रश्न अधिक निकटचा आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या विनियमांनी प्रकाशनांना गुणांक जोडले आणि निबंधांची संख्या वाढली. त्याबरोबर पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिकेही फोफावली. त्यावर उपाय म्हणून आयोगाने विश्वसनीय नियतकालिकांची ‘केअर’ सूची तयार करण्याचा निर्णय २०१८ मध्ये घेतला. ही सूची फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाल्याचे जाहीर करण्यात आले आणि नियतकालिकांची निवड सूचक निकषांच्या आधारे संस्थांनी व अध्यापकांनी स्वतः करावी, अशी भूमिका घेतली गेली. सूची असताना न वाचताही निभावत होते. आता जबाबदारी वाचणाऱ्याकडे आली आहे.

८. समारोप

उपरोक्त पाच निबंधांच्या आधारे चिकित्सक वाचनाचा एक क्रम सुचवता येतो. गोषवाऱ्यापासून आरंभ करण्यास हरकत नाही. परंतु तेथून चर्चेकडे न वळता थेट पद्धतीच्या विभागाकडे जावे. निबंधाने नेमका कोणता प्रश्न विचारला, कोणाची व किती जणांची निवड केली, तुलना कशाशी केली, गट कोणी व कसे पाडले, मोजणाऱ्याला गट माहीत होता काय, हे प्रथम टिपून घ्यावे. नंतर कोष्टके पाहावीत. आरंभी किती जण होते, अखेरीस किती उरले आणि मधले कोठे गेले याचा हिशेब जुळवावा. मग निष्पत्ती स्वतःच्या शब्दांत एका वाक्यात लिहावी आणि त्यानंतरच निबंधकाराची चर्चा वाचावी. आपले वाक्य आणि त्याचा निष्कर्ष यांत जे अंतर पडेल तेथेच चिकित्सेला प्रारंभ होतो. शेवटी हितसंबंध, निष्कर्षाच्या अटी आणि त्याच विषयावरील अन्य निबंध यांचा विचार करावा.

चिकित्सा म्हणजे दोषदर्शन नव्हे. १९३१, १९४८ आणि १९५९ या तिन्ही निबंधांना मर्यादा आहेत आणि तरीही ते ज्ञानात भर घालणारे आहेत. मर्यादा शोधून निबंध बाजूस सारणारा वाचक आणि निष्कर्ष वाचून तो शिरोधार्य मानणारा वाचक, दोघेही पद्धतीचा विभाग वाचत नाहीत एवढ्यापुरते सारखेच. निबंधातून किती घेता येईल आणि किती घेता येणार नाही याचा तोल सांभाळणे हे चिकित्सक वाचनाचे खरे काम होय. पदव्युत्तर वर्गात दर सत्रास एक निबंध, त्याचा निष्कर्ष झाकून, विद्यार्थ्यांसमवेत अशा क्रमाने वाचला गेला तर विद्यार्थ्यांची वाचनदृष्टी घडेल आणि त्यांच्या स्वतःच्या लेखनातही ती आपोआप उतरेल.